वजन उतरलं, इच्छा ओसरली आणि घरात संशय शिरला : एका जोडप्याचा प्रकरण अभ्यास

विवाह समुपदेशनात वजनाच्या नव्या इंजेक्शनांचा विषय आता वारंवार निघतो. लोक मात्र तो विषय घेऊन येत नाहीत. ते भांडण घेऊन येतात, अबोला घेऊन येतात, कधी थेट 'ह्याचं बाहेर काहीतरी आहे' असं म्हणत येतात. हे प्रकरण त्यातलंच आहे. महेश आणि स्वाती ही नावं खरी नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि दोघांनी हा मजकूर वाचून संमती दिली आहे.

पार्श्वभूमी

महेश ४३ वर्षांचा. चिंचवडच्या बाजूला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. स्वाती ४० वर्षांची, शाळेत गणित शिकवते. लग्नाला चौदा वर्षं झालेली, मुलगी सातवीत, महेशची आई त्यांच्याकडेच राहते.

२०२५ च्या सुरुवातीला महेशचं वजन १०४ किलो होतं आणि उंची १७२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.३, यकृतावर चरबी, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी. घोरणं इतकं की स्वाती मध्यरात्री उशी उचलून हॉलमध्ये जायची. डाएट करून झालं होतं, जिमची वर्षाची फी भरून झाली होती. तेव्हा इंजेक्शन घेणं ही हौस नव्हती, त्याला ते औषध म्हणून खरोखर लागू होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून 'सोडून द्यायचं मग' असं म्हणणं फार सोपं वाटेल.

टिर्झेपटाइड हे आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात मिळू लागलं, तेव्हा ते छोट्या कुपीत यायचं. २.५ मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांना, ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना, आणि आठवड्याला एक कुपी. महेशच्या फिजिशियननी एप्रिलमध्ये ते सुरू केलं. मळमळ झाली तर ऑफिसात नको, म्हणून शुक्रवारची रात्र ठरली. कुपीतलं अर्धा मिलिलिटर औषध सिरिंजमध्ये ओढायचं, हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणायचा, पोटाची चिमूट धरायची, हे सगळं स्वाती करायची. महेशला सुईची भीती वाटते. त्या शुक्रवारांबद्दल दोघं आजही आपुलकीने बोलतात. पुढे पेन आलं, महेश सरावला आणि बाथरूमचं दार लावून स्वतःच टोचून घेऊ लागला. कोणी काही म्हटलं नाही, पण स्वातीचा त्यातला वाटा तिथे संपला.

डोस टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि पावसाळा संपेपर्यंत १० मिलिग्रॅमवर पोचला. नोव्हेंबरात वजन ८६ किलो होतं. घोरणं थांबलं, एचबीए१सी ५.५ वर आलं. कागदावर हे उत्तम यश होतं, आणि ते तसं मानायलाच हवं.

अडचण कशी उभी राहिली

ऑगस्टच्या आसपास, म्हणजे डोस ७.५ झाल्यावर, दोघांमधला शरीरसंबंध जवळपास थांबला. स्वातीच्या ते लगेच लक्षात आलं. महेशच्या आलंच नाही. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. ज्याची इच्छा जाते त्याला ती गेल्याचं जाणवत नाही, कारण जाणवायला लागणारी ओढच नसते. जाणवतं ते शेजारच्या माणसाला.

स्वातीच्या डोळ्यांपुढे जे चित्र होतं ते असं : नवरा बारीक झाला. त्याने चार नवे शर्ट घेतले. पहाटे सहाला फिरायला जातो. दाढी कोरतो. ऑफिसातल्या मुली कौतुक करतात, आणि तो ते घरी येऊन सांगतो. शिवाय तिच्या अंगाला हात लावत नाही. गणिताच्या शिक्षिकेने यातून जे उत्तर काढलं ते कुणीही काढलं असतं. तिने त्याचा फोन तपासला. काही सापडलं नाही, पण त्याने संशय कमी झाला नाही.

दिवाळीत आईंनी भाजणीच्या चकल्या केल्या. महेशने अर्धी खाल्ली आणि ताट बाजूला केलं. "माझ्या हातचं आता ह्याला जड झालंय," असं आई शेजारच्या काकूंना म्हणाल्या. पाडव्याला स्वातीने ओवाळलं, महेशने कुर्ता दिला. स्वाती एक्सएल घालते आणि हा एल होता. स्वतःचे कपडे दोन साइझ खाली आल्यावर महेशचा अंदाज चुकला, त्याच्या लेखी बात एवढीच होती. स्वातीने तो कुर्ता घडी न मोडता कपाटात ठेवला आणि त्या रात्री पहिल्यांदा स्पष्ट विचारलं, "कोण आहे ती?"

पहिलं वळण : संशयाने सुरुवात करायची की शरीराने?

पहिल्या भेटीत दोघंही विश्वासाबद्दल बोलायला आले होते. अशा वेळी रूढ वाट म्हणजे फोन, पारदर्शकता, जुने घाव. त्या वाटेने गेलो असतो तर महेश स्वतःला निर्दोष सिद्ध करत राहिला असता आणि निर्दोष माणसाला ते कधीच पुरतं सिद्ध करता येत नाही.

मी नव्या जोडप्याला झोप, दारू, आजार आणि औषधं हे नेहमीच विचारते. तिथे इंजेक्शन निघालं. तारखा एकाखाली एक लिहिल्या : डोस कधी वाढला, संबंध कधी कमी झाले, भांडणं कधी सुरू झाली. कागद दोघांच्या मधे ठेवला. स्वाती बराच वेळ त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, भूक गेली हे मला कळतं, ती औषधाने जाणारच होती. पण मी बाजूला झोपलेय हेसुद्धा विसरतं माणूस?"

महेश म्हणाला, "खरंच आठवत नाही. दुपारी जेवायचं राहून जातं ना, तसंच ते राहून जातं."

तारखा जुळल्या म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे मी दोघांना त्याच वेळी सांगितलं. आणखी एक शक्यता मनात ठेवणं माझं काम होतं : संशय खराही असू शकतो. म्हणून दोघांशी स्वतंत्रपणे बोलले. महेशच्या बोलण्यात लपवाछपवी दिसली नाही. स्वातीच्या स्वतंत्र भेटीत मात्र नवी गोष्ट कळली. "तो बारीक व्हायला लागल्यापासून मीच दिवा आधी मालवते," ती म्हणाली. तिचं वजन ७३ किलो, आणि वर्षभरात ते जराही बदललं नव्हतं. पण आरशात तिला ती वाढल्यासारखी दिसू लागली होती. घोरणं थांबल्यामुळे दोघं आता रात्रभर एका खोलीत झोपत होते, तरी अंतर वाढलं होतं आणि त्यातलं काही अंतर तिच्या बाजूनेही आलं होतं.

शरीरात काय चाललं असावं

टिर्झेपटाइड, सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड अशी जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकासारखं काम करणारी औषधं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, पण त्यांचं खरं काम मेंदूत होतं. ती जिथे जाऊन चिकटतात त्या जागा भुकेच्या केंद्रात असतात, तशी ज्या जाळ्यामुळे एखादी गोष्ट हवीहवीशी वाटते त्या जाळ्यातही असतात. सेमाग्लुटाइडमुळे दारूची ओढ कमी होते असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत दिसलं. मग खाण्याची ओढ कमी करणारं औषध बाकीच्या ओढींना हात लावत नसेल का, हा प्रश्न रास्त आहे.

कामेच्छेबाबत मात्र पुरावा एका बाजूचा नाही. टाइप-२ मधुमेह असलेल्या पुरुषांत ड्युलाग्लुटाइडने लिंगताठरतेच्या तक्रारी कमी झाल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं आहे. वजन उतरल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन बहुधा वाढतं. उलट मधुमेह नसलेल्या लठ्ठ पुरुषांच्या अमेरिकेतल्या वैद्यकीय नोंदी तपासल्या तेव्हा ताठरतेच्या समस्येचं निदान झालेले किंवा त्यावरची गोळी दिलेले सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत १.४७ टक्के, तर न घेणाऱ्यांत ०.३२ टक्के आढळले. आकडा छोटा आहे, आणि नोंदींवरून कारण ठरत नाही.

दुसरं कारण औषधाहून जुनं आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. त्यांच्या तक्रारींत थकवा होता, चिडचिड होती आणि लैंगिक इच्छा जवळजवळ नाहीशी होणं होतं. तिथे कुठलंही इंजेक्शन नव्हतं. शरीराला उपासमार कळली की ते प्रजननाचं काम मागे ढकलतं. महेशने एका आठवड्याचं खाणं लिहून आणलं : सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी पोळी-भाजी, रात्री ताक-भात. हजार कॅलरी जेमतेम, प्रथिनं तीस ग्रॅमच्या आत. भूक नसल्यामुळे ही उपासमार त्याला उपासमार वाटतच नव्हती.

आपल्याकडे याचा धोका थोडा अधिक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला फोटो अनेकांना आठवत असेल. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या अंगात मुळात स्नायू कमी असतात. वजनाबरोबर तेही झिजले तर माणूस बारीक होतो आणि ताकद हरवतो.

तिसरी गोष्ट साधी होती, म्हणून कुणाच्या लक्षात आली नव्हती. मळमळ, आंबट ढेकर आणि मरगळ इंजेक्शननंतरच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असायची, म्हणजे शनिवारी आणि रविवारी. या घरात मुलगी आजीजवळ झोपायची ती शनिवारी. नवरा-बायकोला मिळणारा तेवढाच एकांत होता, आणि नेमका त्याच रात्री महेश कुशीवर वळून पोट धरून पडलेला असायचा.

समोर असलेले पर्याय

औषध तातडीने बंद करणं. महेश रागाच्या भरात हेच म्हणाला, "आजपासून बंद." टिर्झेपटाइडच्या एका चाचणीत ३६ आठवड्यांनंतर ज्यांचं औषध थांबवलं त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात १४ टक्क्यांनी वाढलं. महेशच्या बाबतीत साखर, यकृत आणि घोरणं सगळंच पणाला लागलं असतं. आणि त्याहून मोठी भीती मला वेगळी होती : वजन परत आलं असतं तर त्याचा दोष स्वातीच्या माथी बसला असता. भांडणात घेतलेला औषधाचा निर्णय पाळायचा नाही, एवढं त्या दिवशी ठरवून घेतलं.

आहे तसंच चालू ठेवणं. काही महिन्यांनी शरीर सरावतं हे खरं. पण हे लग्न तेवढं थांबू शकलं असतं असं मला वाटलं नाही.

ताठरतेची गोळी. महेशच्या मित्राने ती सुचवली होती. इथे अडचण ताठरतेची नव्हती, इच्छेची होती. इच्छा नसताना गोळी घेऊन केलेला संबंध स्वातीला उपकार वाटला असता. शिवाय रक्तदाबाची औषधं चालू असताना ती मित्राच्या सांगण्यावरून घेणं धोक्याचं.

स्वातीनेही इंजेक्शन सुरू करणं. हे तिनेच विचारलं, आणि खूप आशेने विचारलं. तिला अधिकार आहे, पण निर्णय आरोग्यासाठी असावा, नवऱ्याशी बरोबरी करायला नव्हे. पाळीच्या तक्रारीसाठी तिच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या. टिर्झेपटाइड सुरू करताना आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे तोंडाने घ्यायच्या अशा गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही, ही माहिती तिला नव्हती. दोन महिने हा विषय बाजूला ठेवायचं तिने मान्य केलं.

डोस कमी करून बाकीची कारणं दूर करणं. या वाटेवर दोघंही राजी झाले. मात्र डोस बदलणं समुपदेशकाच्या अधिकारात नाही. महेशच्या संमतीने मी फिजिशियनना पत्र लिहिलं.

काय केलं

डॉक्टरांनी पत्र गांभीर्याने घेतलं. सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं. टेस्टोस्टेरॉन सामान्य निघालं, बी-१२ कमी होतं. रक्तदाब १०४/६६ होता. अठरा किलो उतरले तरी रक्तदाबाची गोळी तीच, डोस तोच होता. उठताना येणारी अंधारी आणि दिवसभराची मरगळ त्यातूनही येत असावी. त्या गोळीतल्या हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या थायझाइड प्रकारच्या औषधाने लैंगिक तक्रारी होऊ शकतात, हे वैद्यकात जुनं माहीत आहे. ते काढून फक्त टेल्मिसार्टन ठेवलं. टिर्झेपटाइड १० वरून ७.५ वर आणलं. इंजेक्शनचा वार शुक्रवारवरून मंगळवारवर नेला. दोन डोसांत किमान तीन दिवसांचं अंतर राखलं तर वार बदलता येतो.

खाण्याच्या बाबतीत आईंना सोबत घेतल्याशिवाय काही होणार नव्हतं. त्या एकदा आल्या. मुलाला जेवण नको असतं ते औषधामुळे, तुमच्यावरच्या रागाने नव्हे, हे त्यांनी डॉक्टरांकडून ऐकलं होतं, पण पटलं नव्हतं. त्यांना काम हवं होतं. दिवसाला सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिनं लहान लहान वाट्यांतून द्यायची आहेत, हे तुम्हालाच जमेल, असं सांगितल्यावर त्यांनी वही काढली. पिठलं, मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, दही, अंडी. भूक नसली तरी घड्याळ बघून खायचं. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा व्यायाम.

समुपदेशनात मुख्य काम घड्याळाच्या याच तत्त्वावर झालं. महेश भुकेची वाट न बघता जेवायला शिकला होता. शारीरिक जवळिकीतही इच्छा आधी आणि स्पर्श मागून असाच क्रम असला पाहिजे असं नाही. बऱ्याच माणसांत इच्छा स्पर्शानंतर जागी होते. लैंगिकतेचे अमेरिकी संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेला स्पर्शाचा सराव दिला : ठरावीक वेळ, आळीपाळीने एकमेकांना स्पर्श, आणि सुरुवातीचे काही आठवडे संबंध पूर्ण वर्ज्य. स्वातीला हे फार अवघड गेलं. 'ठरवून केलेलं प्रेम' तिला खोटं वाटत होतं. पहिले दोन आठवडे त्यांनी काहीच केलं नाही. मग तिने अट घातली की मंगळवारचं इंजेक्शन पुन्हा तिच्या हाताने दिलं जाईल. पेनला कुपीतून काही ओढायचं नसतं, सुई लावून टोचायचं असतं, तरी महेशने पेन तिच्याकडे दिलं. सराव तिथून सुरू झाला.

फोनबद्दल एकच ठरलं : तपासायचा नाही. शंका आली तर त्या रात्री विचारायची.

काय झालं

चार महिन्यांनी महेशचं वजन ८५ किलोवर स्थिर होतं, रक्तदाब १२२/७८. मरगळ पुष्कळ कमी झाली. इच्छा परत आली, पण पूर्वीइतकी नाही. "मनात येतं, पण हाक मारावी लागते," असं तो म्हणाला. संबंध महिन्यातून दोन-तीनदा येतात. दोघांना ते पुरेसं वाटतं का? महेशला वाटतं. स्वाती म्हणते, पुरेसं नाही, पण आता दुखत नाही.

परस्त्रीचा संशय गेला. स्वतःच्या शरीराबद्दलची तिची लाज मात्र गेलेली नाही, आणि ती महेशच्या औषधाने आलेली असली तरी त्याच्या डोसने जाणार नाही. तिची स्वतंत्र सत्रं चालू आहेत. इंजेक्शन सध्या नको, असं तिने ठरवलं आहे.

नेमकं कशाने जमलं, हे सांगता येत नाही. डोस, वार, रक्तदाबाची गोळी, बी-१२, जेवण, सराव हे सगळं एका महिन्यात बदललं. अभ्यास म्हणून एकेक गोष्ट बदलून पाहणं चांगलं ठरलं असतं. पण ही माणसं होती, आणि घर मोडायच्या बेतात होतं. हा निर्णय मी पुन्हा असाच घेईन.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी एप्रिलमध्ये होती. औषध सुरू करताना मळमळ, बद्धकोष्ठता, पित्ताशयातले खडे हे सगळं महेशला सांगितलं गेलं. 'काही जणांची इच्छा कमी होते, काहींची वाढते. तसं झालं तर लाजू नका, सांगा' हे एक वाक्य सांगितलं गेलं नाही. आपल्याकडे डॉक्टर लाजतात आणि पेशंटही लाजतो. त्या एका वाक्याने डिसेंबरपर्यंतचं दुःख वाचलं असतं असं स्वातीचं ठाम मत आहे. मलाही तेच वाटतं.

दुसरी संधी डोस वाढवताना होती. वजन झपाट्याने उतरतंय म्हणून वाढवत जाण्यापेक्षा तिथे थांबून 'जेवण किती होतं, रक्तदाब किती, झोप कशी, घरी कसं चाललंय' हे विचारता आलं असतं. शक्य असेल तर जोडीदाराला समोर बसवून, कारण पेशंटला स्वतःतला हा बदल दिसतोच असं नाही.

तिसरी गोष्ट घरच्यांची. वजन उतरल्यावर नातं हलतं, हे या औषधांच्या आधीपासून माहीत आहे. स्वीडनमध्ये वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या २०१८ च्या अभ्यासात जोडीदार असलेल्यांमध्ये घटस्फोट आणि विभक्त होणं वाढलेलं दिसलं, आणि एकट्या असलेल्यांत नवी नाती व लग्नं. एका माणसाचं शरीर बदललं की दुसऱ्याची जागाही बदलते. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली, म्हणजे स्वस्त पर्यायांची वाट मोकळी झाली आणि ही औषधं आणखी घरांत पोचणार. सुरू करण्याआधी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जाणं आणि पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी फक्त या विषयावर बोलणं, एवढं कुणालाही जमण्यासारखं आहे.

महेशच्या फिजिशियननी आता डोसवाढीच्या प्रत्येक भेटीत लैंगिक इच्छेबद्दल एक प्रश्न घातला आहे. डोस पुढे ५ वर आणायचा का, हे महेशच्या येत्या तपासणीत ठरेल. त्या भेटीला स्वाती सोबत जाणार आहे.